माझीच ग्रेव्ही तुमच्या घरी वेगळी का लागते?

जुळे सोलापूरच्या एका ताईंनी विचारलंय. त्या दुकानातून करी किट आणतात, तीन पुड्यांचं. एकीत खडा मसाला, दुसरीत ग्रेव्हीची पेस्ट आणि तिसरीत शेवटी वरून घालायचं. पाकिटावर लिहिलंय तसं, घड्याळ लावून करतात. तरी पनीर बटर मसाला हॉटेलसारखा होत नाही, आणि मटण रस्स्याच्या किटाला तर मुलांनी दुसरा घाससुद्धा घेतला नाही. प्रश्न असा की किट बदलायचं, की त्यांचंच काही चुकतंय? शिवाय पुढच्या रविवारी पंधरा माणसं जेवायला आहेत, ती किटवर भागतील का?

मी पुणे रोडला छोटं फॅमिली हॉटेल चालवतो. गल्ल्यावर बसायच्या आधी बारा वर्षं भट्टीपुढं उभा होतो, शनिवार-रविवारी अजूनही उभा राहतो. उत्तर जरा लांबेल, कारण नुसतं 'जमतंय' म्हटलं तरी ते अर्धं खोटं आणि 'जमत नाही' म्हटलं तरी अर्धं खोटंच.

आधी एक गाठ सोडवू. ताईंनी पनीर बटर मसाला आणि मटण रस्सा एकाच दमात विचारलाय. पण पनीर बटर मसाला हा हॉटेलातच जन्मलेला पदार्थ. आपल्या आज्यांपैकी कुणी तो घरी केलेला नाही, त्यामुळं तो 'हॉटेलसारखा' व्हावा ही अपेक्षा बरोबर आहे. मटण रस्सा उलटा. तो घरचा, आणि हॉटेलवाले आयुष्यभर 'घरच्यासारखा' म्हणून त्याच्या मागं धावतात. तो हॉटेलसारखा करायला किट आणायचं म्हणजे विहीर दारात असताना टँकर मागवायचा. म्हणून दोन्हीचं वेगवेगळं सांगतो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये बसून जेवण बंद, फक्त पार्सल. पोरांचे पगार तर निघायला पाहिजेत. म्हणून मी आमची मखनी ग्रेव्ही अर्ध्या किलोच्या डब्यांत भरून विकायला लागलो. पनीर तुमचं, ग्रेव्ही आमची, घरी दहा मिनिटांत भाजी. आता कळतंय की मी तेव्हा करी किटच विकत होतो. आठवडाभर डबे गेले आणि मग फोन सुरू झाले. सात रस्त्याकडचे एक निवृत्त गुरुजी, आमचं जुनं गिऱ्हाईक, सरळच म्हणाले, "काय ओ, हॉटेलात एक देताय अन् डब्यात एक भरताय काय?"

मला राग आला. एकाच पातेल्यातली ग्रेव्ही होती. थोडं मोकळं झाल्यावर मी दोन डबे घेऊन त्यांच्या घरीच गेलो आणि काकूंना म्हटलं, तुम्ही नेहमी करता तसं करा, मी नुसता बघतो. काकूंनी नॉनस्टिकचं छोटं पातेलं ठेवलं, दोन चमचे तेल घातलं, गॅस मध्यम केला. तेल तापायच्या आत एक डबा ओतला. मग डब्याला चिकटलेली ग्रेव्ही वाया जाऊ नये म्हणून डब्यात पाणी घालून विसळला, आणि ते पाणीही ओतलं. उकळी आली, पनीर टाकलं, झाकण ठेवलं. सात मिनिटांत भाजी ताटात. मी चव घेतली आणि गप्प बसलो. गुरुजी खरं बोलत होते. ग्रेव्ही माझी, मीठ माझं, पण चव टोमॅटोच्या सारासारखी.

मग मी त्याच गॅसवर पुन्हा केलं. लोखंडी कढई मागून घेतली. तेल काकूंच्या तिप्पट, वर बटरचा मोठा तुकडा. दुसरा डबा अर्धाच रिकामा केला, पाण्याचा थेंब नाही. मोठ्या गॅसवर, बुडाला लागू न देता, कडेनं तांबडं तेल सुटेपर्यंत हलवत राहिलो. पाच-सहा मिनिटं लागली. मग अर्धी वाटी कडकडीत गरम पाणी, तळहातावर चोळलेली कसुरी मेथी, चिमूटभर साखर आणि शेवटी पनीर. गुरुजी म्हणाले, "आता हॉटेलचं झालं." काकू कढईत बघत म्हणाल्या, "एवढं तेल घातल्यावर हॉटेलचंच होणार की!"

ताई, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर काकूंनीच दिलंय. आमच्याकडं दोन माणसांच्या हंडीत तेल आणि बटर मिळून पाऊण वाटीच्या आसपास जातं. घरी कुणी स्वतःच्या हातानं एवढं ओतत नाही, आणि ओतूही नये. पण ते नुसतं चमकायला घालत नाहीत. मिरचीचा रंग आणि मसाल्याचा वास पाण्यात नीट उतरत नाही, तो तेलात उतरतो. तेल कमी असलं की मसाला भाजीत असतो, पण जिभेला सापडत नाही. रोजच्या जेवणाला दोन चमचे तेलच बरोबर आहे, फक्त मग हॉटेलशी तुलना करू नका.

दुसरी गोष्ट आच. घरच्या गॅसचा रेग्युलेटर कमी दाबाचा असतो. आमची भट्टी जादा दाबावर, १९ किलोच्या सिलिंडरवर चालते आणि ज्वाळा कढईच्या कडेपर्यंत चढते. (कुणी हे वाचून तसली शेगडी घरच्या ओट्यावर बसवू नका. तिला हवा लागते, वेगळी नळी आणि वेगळा रेग्युलेटर लागतो.) याचा चवीशी संबंध असा: भांड्यात पाणी आहे तोवर आतलं तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही. कांदा-टोमॅटोचा खरपूस, गोडसर तांबूसपणा यायला सुरुवात होते ती १४० अंशांच्या आसपास. म्हणजे आधी पाणी उडवायचं, मग चव येणार. आमची भट्टी ते पाणी दोन मिनिटांत उडवते, तुमच्या गॅसला दहा लागतात, आणि तुम्ही पाचव्या मिनिटाला कंटाळून पाणी ओतता. घरी यावर एकच इलाज, एका वेळी कमी करा. चार माणसांचं किट असेल तर दोन-दोन माणसांचं दोनदा परता. पसरट, जड बुडाची कढई घ्या. गॅस तेवढाच, पण पदार्थ निम्मा, म्हणजे आच दुप्पट.

आता कांद्याबद्दल. इथं मी जरा रेंगाळणार, कारण किट आणि हॉटेल यांच्यात खरी दरी कांद्याची आहे.

आमच्याकडं सकाळी साडेनऊला दहा किलो कांदा चिरायला बसतात. अकराला कढईत पडतो. पहिला अर्धा तास तो नुसता घाम गाळतो. कांद्यात शंभरातले पंच्याऐंशीच्या वर भाग पाणीच असतं, ते गेल्याशिवाय रंग धरत नाही. मग तो काचेसारखा होतो, मग पिवळा, मग एकदम पाच-सात मिनिटांत तांबडा. ही शेवटची पाच-सात मिनिटं आमचे मामा कुणाच्या हातात कलथा देत नाहीत. मामा म्हणजे आमचे मुख्य आचारी, नात्यानं कुणाचेच मामा नाहीत. दहा किलोचा कांदा साडेतीन किलोवर येतो. तुम्ही हॉटेलात जे 'दाट' म्हणून खाता ते बहुतेक हेच.

आणि कांदा रोज सारखा नसतो. आपल्या बाजार समितीत डिसेंबर-जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला लाल कांद्याचे ढीग लागतात. तो रसरशीत, पाणी भरलेला, परतायला वेळ खातो आणि लवकर करपतो. उन्हाळी कांदा कोरडा, टिकाऊ, ग्रेव्हीला राजा. मामा कांदा हातात दाबून तेल आणि वेळ ठरवतात. कारखान्याला हे परवडत नाही. त्याला बारा महिने एकच चव द्यायची असते, म्हणून बऱ्याच किटांत वाळवलेल्या कांद्याची पूड किंवा तयार पेस्ट असते. ती वाईट नाही, पण तिच्यात ती शेवटची पाच-सात मिनिटं नसतात. किट तुम्हाला शेवटच्या दहा मिनिटांचं काम विकतं. चव बनते पहिल्या दोन तासांत.

पेस्ट फ्रीजशिवाय महिनोन्महिने टिकते तीही फुकट नाही. पाकीट सील करून ते दाबाखाली १२१ अंशांच्या आसपास तापवतात. टोमॅटोची आंबट पेस्ट असेल तर त्याहून कमी चालतं. जंतू मरतात, पदार्थ सुरक्षित राहतो, पण वेलदोड्याचा, आल्याचा, कोथिंबिरीचा वरचा हलका वास त्यातच जातो. उरतो तो शिजलेला, सपाट वास. म्हणून माझ्या मते त्या तीन पुड्यांतली सगळ्यात चांगली पुडी खड्या मसाल्याची. अख्ख्या मसाल्यात वास कोंडलेला राहतो, तेलात पडला की सुटतो. तिसरी पुडी बहुतेक वेळा साय-पावडर आणि कसुरी मेथीची असते. ती बाजूला ठेवून ताजी मलई आणि घरची मेथी वापरली तर फरक लगेच कळतो. आणि पेस्ट पाकिटातून काढल्यावर तिला पुन्हा एकदा तेल सुटेपर्यंत परतायचंच, पाकिटावर 'फक्त गरम करा' लिहिलं असलं तरी. त्याच वेळी आलं-लसणाचा अर्धा चमचा ताजा ठेचा टाका. गेलेल्या वासातला बराच परत येतो.

किट घेताना पुढचं चित्र बघू नका, मागची यादी वाचा. आपल्याकडं नियम आहे की घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे. पहिलं पाणी, मग टोमॅटो पेस्ट, मग साखर आणि स्टार्च, आणि कांदा कुठंतरी सहावा असेल तर तुम्ही दाट केलेलं पाणी विकत घेताय. कांदा, टोमॅटो, तेल आणि काजू किंवा मगज (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया) पहिल्या चार-पाचांत असतील तर घ्या. सोडियमचा आकडाही बघा. त्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं. बऱ्याच जणी किटात मीठ आहे हे विसरून वरून पुन्हा घालतात आणि मग खारट झालं म्हणून पाणी. तिथंच भाजी मेली. रंगाबद्दल मात्र आमच्या धंद्याचंही झाकत नाही. हॉटेलातला भडक लाल रंग दर वेळी मिरचीचाच असतो असं नाही. शेजारच्या कर्नाटकानं २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगावर बंदी घातली, ती उगाच नाही. ब्याडगी मिरची भिजवून वाटलीत तर तिखट न होता छान रंग येतो. तुमच्या घरची भाजी आमच्यापेक्षा फिकी दिसली तर लगेच हार मानू नका.

मागच्या वर्षी मी एकदा पडताळून पाहिलं. रात्री शटर ओढल्यावर तीन हंड्या मांडल्या. पहिलीत आमची मखनी. दुसरीत किट, पाकिटावर लिहिल्याप्रमाणं. तिसरीत तेच किट, पण भट्टीवर, आमच्या तेलात, आमच्या पद्धतीनं. आम्ही सातजण होतो, हंडी कुणाची ते फक्त मला माहीत. दुसरी सगळ्यांनी ओळखली. पण 'आपली' म्हणून चौघांनी तिसरी उचलली, आणि त्यात एक आमचा तंदूरवाला होता! म्हणजे मखनीसारख्या, टोमॅटो-बटर-काजूच्या गोडसर ग्रेव्हीत चांगलं किट नीट परतलं तर हॉटेलच्या बरोबरीला येतं. मी हे हॉटेलवाला असून सांगतोय.

मग मामांनी हट्टानं मटण रस्स्याचं किट करायला लावलं. ते उकळत असताना ते नुसते शेजारून गेले, चवही घेतली नाही आणि म्हणाले, "ह्यात हाड शिजलं नाही."

रस्स्याचं सगळं त्या एका वाक्यात आहे. रस्स्याची चव मसाल्यात निम्मी, अळणी पाण्यात निम्मी. मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवल्यावर जे पाणी उरतं, वर चरबीचे डोळे तरंगतात, ते कुठल्याही पुडीत मावत नाही. किटावर लिहितात, मटण शिजवा, पेस्ट घाला, दोन कप पाणी घाला. बऱ्याच घरी मटण कुकरला लावून, पाणी बाजूला ओतून मुलांना देतात आणि रस्स्यात नळाचं पाणी पडतं. दुसरं म्हणजे काळं तिखट. आपल्याकडं ते चैत्र-वैशाखात घराघरात होतं आणि प्रत्येक घराचं वेगळं. कुणी खोबरं जास्त भाजतं, कुणाला दगडफूल पुढं लागतं, कुणी कांदा वाळवून तळतं. तुमच्या मुलांना जी चव 'मटण' म्हणून माहीत आहे ती तुमच्या सासूबाईंच्या किंवा आईच्या बरणीतली आहे. मुंबई-पुण्याच्या सरासरी जिभेसाठी बनवलेलं किट त्यांना परकं लागणारच. त्यात तुमचा हात कुठं चुकला नाही. भुईमुगाच्या शेंगांच्या आमटीचंही तसंच. शेंगा ताज्या भाजून कूट केला तर जो वास येतो तो आठ महिन्यांच्या पाकिटात शोधायचाच नाही.

मग किट कधी घ्यावं? घरात दोघंच, दोघंही नोकरीला, रात्री आठला दार उघडताय, तर घ्या, बिनधास्त. परगावी शिकणाऱ्या पोराला द्यायचं, घ्या. महिन्यातून एकदा मखनी खायची असेल तर त्यासाठी काजू, मगज, कसुरी मेथी सगळं आणून निम्मं डब्यात जुनं करण्यापेक्षा किट स्वस्त पडतं. पण आठवड्याला दोनदा अशी भाजी होत असेल तर रविवारी एकदा दोन किलो कांद्याची बेस ग्रेव्ही करून ठेवणं शहाणपणाचं. गार झाली की वाटी-वाटीच्या डब्यांत भरून फ्रीझरला टाका, महिनाभर निघते. खालच्या कप्प्यात तीन-चार दिवसांच्या वर नको, आणि मे महिन्यात, बाहेर चाळिसाच्या वर पारा आणि लाईट जायची भीती असते तेव्हा दोनच दिवस धरा. तंदुरी चिकन लागणाऱ्या भाज्यांत मात्र घरी थोडं कमी पडणारच. त्यातला धुरकट वास तंदूरचा असतो, ग्रेव्हीचा नाही. चिकन दह्या-मसाल्यात मुरवून तापलेल्या तव्यावर कडा करपेपर्यंत भाजलंत तर सत्तर टक्के काम होतं, तेवढ्यावर समाधान माना.

आता पुढचा रविवार. पंधरा माणसांना चार किटं एकत्र ओतू नका. मोठ्या पातेल्यात घरच्या गॅसवर ते परतलं जात नाही, नुसतं रटरटत राहतं. पंधरातले सातआठ पनीर खाणारे धरले तर शनिवारी संध्याकाळी एक किलो कांदा दोन भागांत तांबडा करून ठेवा. सव्वा किलो टोमॅटो, शंभर ग्रॅम काजूतुकडा, मूठभर मगज शिजवून, वाटून, गाळून त्यात परता. तेल सुटलं की गॅस बंद, रात्रभर तसंच मुरू द्या, फक्त पूर्ण गार झाल्यावर फ्रीजमध्ये. घरात किट पडलेलं असेल तर त्यातला खडा मसाला इथं वापरा. रविवारी ताटं मांडायच्या वीस मिनिटं आधी बटरवर दोन हप्त्यांत परतून आठशे ग्रॅम पनीर घाला. पनीर आधी मिठाच्या कोमट पाण्यात ठेवलेलं असू द्या, तळलं की ते रबर होतं.

बाकीच्यांना मटण दीड किलो, हाडासकट घ्या. उघड्या पातेल्यात शिजवा, वेळ लागू दे. अळणीतली दोन वाट्या लहान मुलांसाठी काढा, उरलेली सगळी रस्स्यात. खोबरं आणि कांदा जाळावर काळसर भाजून वाटा, काळं तिखट घरच्या बरणीतलं घ्या, संपलं असेल तर आईकडून वाटीभर मागून आणा. दाटपणा पाहिजे असेल तर दोन चमचे येसूर (भाजलेल्या धान्याचं मसाला घातलेलं पीठ) पाण्यात कालवून लावा, कॉर्नफ्लोअर नको. आणि सोबत कडक भाकरी ठेवणार असाल तर रस्सा तुमच्या अंदाजापेक्षा दोन डाव जास्त आणि पातळच ठेवा. चुरून खाणारा माणूस ताटात एकदा वाढलेल्या रस्स्यावर थांबत नाही.